मदत हवी आहे: कस्टम रायफलसाठी बेस कुठली घ्यावी? रेमिंग्टन ७००, टिक्का, होवा की सरळ कस्टम ऍक्शन?

डोंगरवाट_डेन्व्हर:

नमस्कार मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि त्यातले काही रेंजवर जातात हे माहितीये, म्हणून विचारतोय. मी कोलोरॅडोत असतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. आत्तापर्यंत ऑफिसातल्या मित्राची .३०८ रायफल रेंजवर त्याच्यासोबतच वापरत आलोय, पण आता स्वतःची बोल्ट ऍक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल) घ्यायचीय. एकदम तयार महागडी न घेता एखादी साधी फॅक्टरी रायफल घ्यायची आणि मग बॅरल, ट्रिगर, दस्ता असं करत करत बदलत न्यायची असा बेत आहे. घोडं अडलंय ते पहिल्याच पायरीवर, म्हणजे बेस कुठली.

काम बहुतेक ६०० ते ८०० यार्डांवरच्या स्टीलच्या प्लेटा वाजवायचं, आणि लॉटरीत टॅग (शिकारीचा परवाना) लागला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्यूल डिअर हरणाची शिकार. कॅलिबर ६.५ क्रीडमूर जवळपास पक्कं आहे. स्कोप सोडून बजेट दोन हजार डॉलर, हा आकडा घरी मंजूर झालेला आहे त्यामुळे तो वाढणार नाही कृपया तसा सल्ला देऊ नये.

आत्तापर्यंत जे वाचलंय त्यावरून रेमिंग्टन ७०० ला जेवढे सुटे भाग मिळतात तेवढे कशालाच मिळत नाहीत, १९६२ पासून बनतेय आणि मरीन्सची एम४० आणि आर्मीची एम२४ दोन्ही तिच्यावरूनच केलेल्या, त्यामुळे प्रत्येक गनस्मिथला ती तोंडपाठ. पण कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली आणि मधल्या काळातल्या मालाबद्दल लोक नाकं मुरडतात. टिक्का टी३एक्स फिनलंडची, सगळे म्हणतात बोल्ट लोण्यासारखा चालतो. होवा १५०० जपानी, नुसती बॅरल लावलेली ऍक्शन (म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात चालतो तो रिसीव्हर) दस्त्याशिवाय स्वस्तात मिळते. आणि एक जण म्हणाला सरळ झर्मॅट कंपनीची ओरिजिन ऍक्शन घे आणि मोकळा हो. डोक्याचा पार भुगा झालाय, जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

गंजका_बोल्ट:

धागाकर्ते, आधी एक सांगा, बॅरल बदलणार, ट्रिगर बदलणार, दस्ता बदलणार, मग मूळ रायफलीतलं शेवटी उरणार काय? रिसीव्हर आणि बोल्ट, बास. मग पूर्ण रायफलीचे पैसे कशाला मोजताय?

हिशोब करून बघा, आकडे आसपासचे धरा. जुनी ७०० सहाशेला, नट लावून बसवायची प्रीफिट (तयार मापाची) बॅरल साडेचारशे, टिम्नीसारखा ट्रिगर दीडशेच्या वर, बरा चेसिस (दस्त्याऐवजी लावायचा धातूचा सांगाडा) साडेचारशे आणि गनस्मिथने जुनी बॅरल काढून नवी बसवून हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासून द्यायचे दोनेकशे. झाले ना १९००. आणि त्यात बोल्ट, रिसीव्हर जसे फॅक्टरीतून आले तसेच, ते ट्रू (मशीनवर अचूक सरळ) करून घ्यायला गेलात की अजून पैसे. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. काढलेली बॅरल आणि प्लॅस्टिकचा दस्ता विकायला गेलात तर कोणी हिंग लावून विचारत नाही.

ओरिजिन ९०० च्या आसपास, खांदा असलेली, म्हणजे नट न लागणारी प्रीफिट बॅरल सहाशे, ट्रिगर चेसिस तेच. २१०० होतात, म्हणजे तुमच्या आकड्याच्या वर जातं पण हातात कस्टम ऍक्शन येते. तिच्या सगळ्या मापात फरक इतका कमी असतो की बॅरल ऑर्डर केली आणि टॉर्क देऊन बसवली की हेडस्पेस बरोबर येतो, गो आणि नो-गो गेजने (मापाच्या ठोकळ्यांनी) तपासायचं मात्र तरीही. फॅक्टरी ७०० मध्ये रायफलीगणिक माप थोडं थोडं वेगळं, म्हणून तिथे नट लागतो नाहीतर गनस्मिथ.

टेक्सासचा_तात्या:

सॅव्हेज ११० चं नावच नाही कुणाच्या तोंडात! अहो बॅरल नट ही मुळात त्यांचीच खासियत, ११० आली १९५८ साली ती नट घेऊनच. बोल्टचं डोकं वेगळं सुटं असतं त्यामुळे दोन्ही लग (रिसीव्हरमध्ये अडकणारे दात) नीट टेकतात, आणि वेगळ्या बुडाची काडतुसं घ्यायची झाली तर डोकं बदललं की काम झालं. दिसायला ओबडधोबड आहे आणि बोल्ट ओढताना खरखर होते हे मान्य, पण गोळी जिथे जायची तिथे जाते.

गंजका_बोल्ट:

तात्या सॅव्हेज चांगली आहे, वाद नाही. पण चेसिस आणि ट्रिगरचे पर्याय ७०० च्या मानाने कमी, आणि यांना पुढे बदलत न्यायचीय.

आणि अजून एक घोळ इथे नेहमी होतो तो आत्ताच सांगून टाकतो. ७०० चा फूटप्रिंट (दस्त्यात बसायचं माप) आणि रेमिंग्टनची ७०० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओरिजिन, स्पेनची बर्गारा बी-१४, या सगळ्या ७०० साठी केलेल्या दस्त्यात बसतात, म्हणजे ७०० चं मार्केट पाहिजे म्हणून रेमिंग्टनच घेतली पाहिजे असं काही नाही. जुनी घ्यायचीच झाली तर ट्रिगर बघा, मे २००६ ते एप्रिल २०१४ मधले एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीने स्वतः रिकॉल केले होते. सिरीयल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुणेरी_इन_न्यूजर्सी:

विषयांतर होतंय पण एच-१बी वर असलेल्याला हे सगळं घेता येतं का? की नुसतं वाचून खूश व्हायचं?

डोंगरवाट_डेन्व्हर:

नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक विकत घ्यायला आणि बाळगायला सरसकट मनाई आहे, काही अपवाद आहेत त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. पण हे प्रकरण व्हिसाशी जोडलेलं आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा, चूक झाली तर नुसता दंड भरून सुटत नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो ते त्यासाठीच. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरायचा, बॅकग्राउंड चेक, आणि आमच्या राज्यात वर तीन दिवस थांबायचं. कायद्याच्या लेखी रायफल म्हणजे नंबर असलेला रिसीव्हर, त्यामुळे नुसती ऍक्शन मागवली तरी ती डीलरकडेच येते.

शाकाहारी_वाघ:

हरीण मारायला दोन हजार डॉलर! भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे थांबलं ते बरंच झालं म्हणायचं.

डोंगरवाट_डेन्व्हर:

मत मान्य आहे पण त्यावर वेगळा धागा काढूया, इथे राहू दे. तसंही माझं बहुतेक काम स्टीलवरच आहे.

रेंजऑफिसर_काका:

मी बरीच वर्षं क्लबात नेम शिकवतोय, म्हणून थोडं उलट्या बाजूने सांगतो. तुम्ही सगळे बेसवर भांडताय, यांनी कामं सांगितली आहेत दोन आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. स्टीलसाठी जड बॅरल आणि जड चेसिस पाहिजे, रायफल हलत नाही, आपला शॉट कुठे लागला ते स्कोपमधून स्वतःला दिसतं, स्कोपसकट १४-१५ पौंड झाली तरी कोणी तक्रार करत नाही. तीच घेऊन दहा हजार फुटांवर हरणामागे चढायला लागा मग कळेल. शिकारीला आठ-नऊ पौंडांच्या वर नको. टॅग दरवर्षी लागत नाही हे तुम्हीच म्हणताय, तर जास्त काम ज्याचं त्याला धरा आणि दुसऱ्यासाठी तडजोड करा.

आणि माझं मत विचाराल तर टिक्का घ्या आणि तिच्यातलं काहीही लगेच बदलू नका. तिची फॅक्टरी बॅरल ६.५ ला १:८ ट्विस्टची (आठ इंचात गोळीला एक फेरा), १४० ग्रेन वजनाच्या गोळीला जे पाहिजे तेच. ट्रिगर दोन ते चार पौंडांत ऍडजस्ट होतो, तो बदलायची गरजच नाही. बोल्ट ७० अंशातच उचलतो त्यामुळे मोठ्या स्कोपला हात अडत नाही. म्हणजे दोन खर्च आधीच वाचले, साडेआठशेची रायफल, साडेचारशेचा चेसिस, १३०० झाले. राहिलेले सातशे गोळ्यांवर घाला. मॅच दर्जाची गोळी दीड-दोन डॉलरला एक पडते, म्हणजे चारेकशे गोळ्या झाल्या, आणि त्या नीट उडवल्यात तर कुठल्याही नव्या बॅरलपेक्षा तुमचा ग्रुप (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते) जास्त सुधारेल. क्रीडमूरची बॅरल दोन ते तीन हजार राउंडला थकते, ती थकली की मग काय ते कस्टम करा, टिक्कालाही प्रीफिट मिळतात. एवढंच की फॅक्टरी बॅरल फार घट्ट बसवलेली असते, ती काढायला घरी झटापट करू नका, गनस्मिथकडेच द्या.

मूळ दस्ता फेकू नका. टॅग लागला की चेसिस काढून तो लावायचा, हलकी शिकारी रायफल तयार. फक्त बदलल्यावर झिरो (स्कोपचा नेम) पुन्हा तपासून घ्या.

गंजका_बोल्ट:

काकांशी सहमत, फक्त टिक्काला सगळ्या काडतुसांसाठी रिसीव्हर एकाच लांबीचा असतो, खऱ्या शॉर्ट ऍक्शनचा आटोपशीरपणा नाही. आणि चेसिस घेताना मॅगझिन कुठलं चालतं ते बघा, तिचं स्वतःचं मॅगझिन प्लॅस्टिकचं आणि महाग, एआयसीएस या सामाईक पॅटर्नचं मॅगझिन चालणारा घेतलात तर पुढे रायफल बदलली तरी मॅगझिन कामाला येतात.

डोंगरवाट_डेन्व्हर:

काका दस्ता ठेवून द्यायची आयडिया डोक्यातच आली नव्हती, त्याने अर्धा गुंता सुटला. ७०० आता यादीतून बाद. होवाचा विचार अजून पूर्ण सोडला नाहीये कारण नुसती बॅरल-ऍक्शन पाचशेच्या आसपास दिसतेय आणि तिलाही चेसिस मिळतो, पण मग शिकारीला हलका दस्ता वेगळा घ्यावा लागेल आणि फरक तिथेच संपतो. शनिवारी दुकानात जाऊन दोन्हींचे बोल्ट हातात घेऊन बघतो. आता दोनच प्रश्न उरलेत. ६.५ साठी २० इंची बॅरल पुरे की ८०० यार्डांसाठी २४ च घ्यावी, आणि डेन्व्हर किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्सकडे बॅरलच्या कामाला वर्षभर न लटकवणारा गनस्मिथ कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि करा.

रेंजऑफिसर_काका:

२४. तुमच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे २० नेही ८०० गाठाल, पण लांब बॅरलने वेग थोडा जास्त मिळतो आणि वारा वाचताना तेवढाच आधार. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावणार असाल तर मात्र २० चा विचार करा.