रिसेप्टर : ‘ग्राही’ की ‘ग्राहक’?

प्रश्न : म्हैसपालकांसाठी प्रजननावर पुस्तिका लिहितोय, कोल्हापूर भागात वाटायची आहे. हार्मोनला ‘संप्रेरक’ चालतंय. रिसेप्टरला काय लिहू? एकानं ‘ग्राहक’ सुचवलं, पण ते वाचून दूध डेअरीचं पत्रक वाटतं.

करवीरकर : ‘ग्राही’ लिहा. पेशीचा जो भाग संप्रेरकाला धरतो तो ग्राही. ‘संवेदक’ नको, तो सेन्सरला गेला. एक मेख आहे : ‘विद्यार्थ्याला’च्या चालीवर ‘ग्राह्याला’ केलंत तर वाचणारा ‘ग्राह्य’ समजणार. त्यापेक्षा ‘ग्राहीला, ग्राहींची’ बरं.

पशुवैद्य : शब्द बरोबर आहे. फक्त ‘संप्रेरक वाढलं की परिणाम वाढतो’ असं सरसकट लिहू नका. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचंच बघा. रेडकू ढुसण्या द्यायला लागलं की पियुषिका ग्रंथीतून ते रक्तात उतरतं (ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते) आणि अंगभर फिरतं. कासेतल्या पेशींवर त्याचे ग्राही असतात, म्हणून म्हैस पान्हा घालते. गर्भाशयालाही तेच रक्त जातं, पण गाभणपणी तिथं ग्राही कमी असतात. व्यायची वेळ जवळ आली की ते भराभर वाढतात, मग तेवढ्याच ऑक्सिटोसिननं कळा येतात.

माजाचंही तसंच. म्हैस भरवली (रेतन केलं) पण गाभ राहिला नाही, तर माजाच्या चक्राच्या शेवटी गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिनचे ग्राही वाढतात, प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य सुटतं, बीजकोषावरचा पीतपिंड (गाभ टिकवणारं संप्रेरक बनवणारी गाठ) विरतो आणि साधारण 21 दिवसांनी जनावर उलटतं, म्हणजे परत माजावर येतं. गाभ राहिला असेल तर गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो आणि हे ग्राही वाढूच देत नाही. पुस्तिकेत हे नक्की घ्या. म्हैस का उलटली, हेच तर लोक विचारतात.

गंगावेसवाला : डॉक्टर, आमच्या दूध कट्ट्यावर एवढ्या गर्दीत म्हशी धार देतात, पण एखादी बुजली की पान्हा चोरते. तेवढ्यात ग्राही कमी होतात काय ओ?

पशुवैद्य : न्हाई ओ, ग्राही जागच्या जागी असतात. भ्याली की ऑक्सिटोसिन सुटणंच अडतं. शिवाय भीतीनं सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनालिननं कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आलेलंही नीट पोचत नाही. जरा थांबा, पाठीवरनं हात फिरवा, परत कास चोळा.

प्रश्नकर्ता : ठरलं. पहिल्यांदा ‘संप्रेरकग्राही म्हणजे रिसेप्टर’, पुढं नुसतं ‘ग्राही’. आणि ‘उलटणं’ तसंच ठेवू?

करवीरकर : ठेवा की! ‘पुनर्माज’ लिहिलंत तर अर्थ विचारायला तुम्हालाच फोन येतील.