कुत्र्याचं नाव हेन्री? मोत्याने काय घोडं मारलंय?

खारेगावकर: कालच्या धाग्यात एकाने सल्ला दिलाय, "पिल्लाला हेन्री, जॉर्ज, मार्गारेट असं भारदस्त इंग्रजी नाव द्या, उठून दिसतं." दिसेल हो, हाक कशी मारणार? मोत्या, वाघ्या, राणी यांचा शेवटचा स्वर हवा तेवढा ओढता येतो. उपवनच्या तळ्याकाठी "जॉर्ज" ओढून बघा, शेवटी नुसता "र्ज" घशात अडकतो.

ऐरोलीचा बोका: म्हणून तर इंग्रजांनीच हेन्रीचा हॅरी, आल्बर्टचा बर्टी आणि मार्गारेटची पेगी केली. फायलीत मार्गारेट, हाकेला पेगी. आपल्याकडे बाळूचं शाळेत बाळकृष्ण होतंच ना!

घोडबंदर रोड: पण एलिझाबेथची बेस करू नका. घरात आजी "बस" म्हणते, पिल्लू गोंधळतं. "नो" शिकवत असाल तर जो नको. आणि मजल्यावर अँथनी अंकल राहत असताना "अँथनी, इथे शी करायची नाही!" असं लिफ्टबाहेर ओरडणार का?

ऐरोलीचा बोका: मग राजाही नको, राजाभाऊ प्रत्येक सोसायटीत असतात. नाव कुठलंही असो, शिकवायची रीत एकच. नाव एकदाच घ्या, मान वळली की त्याच क्षणी खाऊ. पाच-सहा वेळा, दिवसातून तीनदा. नाव घेऊन रागावू नका, आणि हाक मारून लगेच नखं कापायला घेऊ नका. पुढच्या वेळी येणार नाही.

खारेगावकर: खाऊ म्हणजे ग्लुकोज बिस्किट ना?

घोडबंदर रोड: झालं! साखर आणि मैदा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्या, हरभऱ्याएवढा तुकडा. दिवसभराच्या उष्मांकांत खाऊ दहा टक्क्यांवर नको. मनुका तर अजिबात नाही, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

खारेगावकर: शाकाहारी घरांनी काय करायचं? पिढ्यान् पिढ्या कुत्री चपातीवर जगली, तेव्हा कुठे होते तुमचे उष्मांक?

घोडबंदर रोड: पनीरचा कण द्या, कोणी अडवलंय? चपाती चघळत बसतं, तोवर कशाबद्दल मिळाली ते विसरतं. शिकवताना पटकन गिळता येईल असंच हवं.

ऐरोलीचा बोका: धागा नावाचा होता, भटारखान्याचा नव्हे. एक राहिलंच: रेबीजच्या दाखल्यावर आणि पालिकेच्या परवान्यावर एकच नाव लिहा. एकीकडे पेगी, दुसरीकडे मार्गारेट, की खिडकीवर खुलासे देत बसा.

खारेगावकर: बरं, पेगी चालेल. स्वर आहे शेवटी. जॉर्ज मात्र तुम्हीच ओढा, घसा तुमचा.