अधिसूचना वाटण्यापेक्षा फरक दाखवावा

पुणे महापालिकेच्या रचनेतील प्रस्तावित बदल मतदारांना कळावेत म्हणून मूळ अधिसूचनाच छापून घरोघर वाटावी, ही सूचना सद्हेतूची असली, तरी तिचा फारसा उपयोग होईल असे मला वाटत नाही. पुण्याला स्वतःची वेगळी सनद, म्हणजे फक्त या शहरासाठीचा कायदा, नाही; कारभार १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार चालतो आणि त्यातील दुरुस्ती विधिमंडळ करते, तिच्यावर नागरिकांचे मतदान होत नाही. म्हणजे आपल्याला बोलण्याची जी मोजकी संधी मिळते, ती प्रारूप प्रभागरचनेवरील, म्हणजे प्रभागांच्या सीमांच्या मसुद्यावरील, हरकती व सूचनांच्या वेळी, आणि नेमके तेव्हाच हाती येते ते 'नाल्याच्या मध्यरेषेने पूर्वेकडे' छापाचे सीमावर्णन.

कागद घरी पोचला म्हणजे तो कळला असे होत नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडायचे होते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतील एका आजींनी मला विचारले, "चार बटणे दाबली तर मत बाद नाही ना होणार?" त्यांच्या घरी चार पक्षांची पत्रके होती, पण आमच्या प्रभागातील अ, ब, क आणि ड या चार जागांसाठी चार स्वतंत्र मते द्यायची असतात, हे साधे वाक्य एकातही नव्हते.

म्हणून एकच पान करावे. डावीकडे जुनी सीमा, उजवीकडे नवी, दोन्हीकडे शाळा, देऊळ, बसथांबा यांची नावे, आणि खाली हरकत कोठे व कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते ठळक अक्षरांत. ते वाटणारा कोणत्याही इच्छुकाचा कार्यकर्ता मात्र नसावा.