'रोमन हॉलिडे' संपला आणि कुणी उठलंच नाही

काल आमच्या फिल्म क्लबात 'रोमन हॉलिडे' (१९५३) दाखवला. निम्मी मंडळी पंचविशीच्या आतली. कृष्णधवल म्हणून कंटाळतील अशी धास्ती होती. पण सुरुवातीच्या समारंभात राजकन्येच्या पायातून बूट निसटला आणि झग्याखाली तिचा पाय तो चाचपू लागला, तिथेच खोली हसायला लागली. शेवटी राजकन्येच्या प्रेमात पडलेला पत्रकार, म्हणजे ग्रेगरी पेक, पत्रकार परिषदेच्या लांबलचक दालनातून एकटा चालत निघतो, थांबतो, मागे वळून बघतो. माझ्या शेजारची मुलगी पुटपुटली, "येईल ती." नाही आली. दिवे लागले तरी सगळे बसून! मग तीच मुलगी चिडून म्हणाली, "जुळतच नाही, तर ही रोमँटिक कॉमेडी कशी?" मला धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतंत?

प्रतिसाद १
जुळत नाही कसं? रोमभर भटकताना दोघं एकमेकांशी खोटंच बोलत असतात. ती राजकन्या असल्याचं लपवते, तो पत्रकार असल्याचं. खरं बोलतात ते थेट शेवटी, भर पत्रकार परिषदेत, आणि ते कळतं फक्त त्या दोघांना, फोटोग्राफर मित्राला आणि आपल्याला. ते गुपित पोटात घेऊन लगेच कोण उठणार?

प्रतिसाद २
खोटं बोलणाऱ्याचा हात चावतो म्हणतात त्या दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घालायच्या प्रसंगाला किती हसले ते सांगा ना! पेकने हात बाहीत लपवला होता आणि राजकन्या झालेल्या ऑड्री हेपबर्नला आधी काहीच सांगितलं नव्हतं. तिची किंकाळी खरी आहे. आमच्याकडे तर आधी सगळे दचकले, मग हसले.

प्रतिसाद ३
मला अजूनही तो शेवट पटत नाही. तिने सगळं सोडून यायला हवं होतं, असंच दर वेळी वाटतं. तरी बघते.

धागाकर्ता
@२, आमच्याकडेही अगदी तसंच झालं. मागच्या रांगेतल्या एकाने तर स्वतःचा हात मागे ओढला!
@१, तुमचा प्रतिसाद त्या मुलीला पाठवला. पत्रकार परिषद पुन्हा बघायची म्हणतेय. आवडतं शहर विचारल्यावर राजकन्या आधी ठरलेलं गुळमुळीत उत्तर द्यायला लागते आणि मधेच तोडून 'रोम' म्हणते, तेव्हा पेकचा चेहरा कसा होतो हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. शनिवारी तेवढा भाग परत लावतोय.