वाफ्याशेजारी भाजी धुवायचं सिंक: पाणी तुंबू नये म्हणून काय करावं?

प्रश्न: जुनं स्टीलचं सिंक लाकडी चौकटीवर बसवतोय. गाजर-मुळ्यांची माती पाइपात अडकणार नाही ना?

उत्तर १: सिंकला थेट पाइप जोडलात तर अडकणारच. मधे २० लिटरची बादली ठेवा आणि ४० मिमीचा पाइप तिच्या काठापासून १० सेंमी खाली बसवा. माती तळाशी बसते, वरचं पाणी पुढे जातं. पाइपाला दर मीटरला २ सेंमी उतार द्या. बादली अर्धी भरली की गाळ वाफ्यात परत टाका, ती चांगली माती असते.

प्रश्नकर्ता: बादलीत डास?

उत्तर १: घट्ट झाकण लावा, पाइपापुरतंच भोक पाडा. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

उत्तर २: सिंकची कड ९० सेंमीवर ठेवा, पाठ दुखत नाही. उभं राहायच्या जागी खडी हवीच. नळीचं तोंड मात्र सिंकमधल्या पाण्यात बुडू देऊ नका. दाब गेला तर तेच गढूळ पाणी उलटं नळात ओढलं जातं. उन्हात तापलेल्या नळीतलं पहिलं पाणी पालेभाजीवर नको, पानं मलूल होतात.