टोकियोत तातामीच्या खोलीसाठी जपानी गादी कोणती घ्यावी? बुरशीची भीती वाटते

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. जून उजाडायच्या आत आम्ही टोकियोत असू. नवऱ्याची बदली झालीय आणि निशी-कासाईत यूआरचं (सरकारी संस्थेचं भाड्याचं) घर मिळालंय. एक खोली लाकडी फ्लोअरिंगची, दुसरी सहा तातामींची, म्हणजे जाड गवती चटयांची. तातामीच्या खोलीत भिंतीतलं मोठं कपाट आहे, ओशिइरे म्हणतात ते. मुलगी चार वर्षांची, तिला दिवसा पळायला जागा हवी, म्हणून पलंग न घेता खालीच झोपायचं ठरवलंय. आजोळी आम्ही गाद्या घालूनच झोपायचो, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही.

पण नेटवर शोधायला गेलं की डोकं चक्रावतं. ह्या जपानी गादीला फुतोन म्हणतात, पण अमेरिकन साइटवर फुतोन म्हणून लाकडी चौकटीवरचा सोफा दाखवतात. जपानी दुकानांत कापूस, पॉलिएस्टर, लोकर, तीन थर, चार थर, पाच सेंटिमीटर, दहा सेंटिमीटर. नवऱ्याची कंबर धरते. सासूबाई दिवाळीनंतर येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. आणि जो तो सांगतो की तिकडे गादीखाली बुरशी येते. नेमकं काय घ्यावं आणि घेतल्यावर कसं राखावं? जे खरोखर त्यावर झोपतात त्यांनी सांगाल का?

ओंकार_कावासाकी

आधी मापं सांगतो, म्हणजे शोधणं सोपं होईल. खाली घालायची ती शिकिबुतोन, वरून घ्यायची ती काकेबुतोन. सिंगल शिकिबुतोन १०० × २१० सेंमी, सेमी-डबल १२० × २१०, डबल १४० × २१०. सिंगलची दुलई १५० × २१०. खोळी आणि चादरी ह्याच मापांत मिळतात, त्यामुळे भारतातून चादरींचं ओझं आणू नका.

उतरल्याबरोबर पाठ टेकायची सोय हवी असेल तर इथल्या मोठ्या साखळी दुकानांत गादी, दुलई, उशी आणि खोळी असा अख्खा संच मिळतो. पॉलिएस्टरचा असतो, हलका असतो. पुढे चांगली गादी घेतलीत की तोच संच पाहुण्यांना होतो.

हेमा_एदोगावा

मुक्ता, मी तुझ्याच वॉर्डात बरीच वर्षं राहते. वयाने मोठी असणार, तेव्हा अगं-तुगं करते.

गादी कापसाची की लोकरीची हे नंतर. आधी हे ठरवा की ती रोज सकाळी उचलणार कोण. घरातल्या ज्या माणसाच्या वाट्याला हे काम येईल, त्याला एका दमात उचलता येईल तीच गादी घ्या. जड म्हणून पडून राहिलेली गादी कितीही महागाची असो, ती खालून ओली होणारच.

असं का होतं ते एकदा नीट समजून घे, मग बाकीचं आपोआप सुचेल. रात्रभर अंगातून घाम आणि वाफ जाते. ती गादीतून खाली उतरते आणि थंड जमिनीशी पोचली की तिथेच अडकते. तातामी इगुसा नावाच्या गवताची विणलेली असते, ती थोडी ओल पिते आणि खोली कोरडी असली की सोडते. फ्लोअरिंग काहीच पीत नाही. म्हणून गादी फ्लोअरिंगवर घातली तर बुरशी फार लवकर धरते. आणि हे फक्त पावसाळ्याचं दुखणं नाही. जानेवारीत हीटर लावलेल्या खोलीत जमीन गार असते, अंग गरम असतं, खिडकीच्या काचा सकाळी घामेजलेल्या असतात. तेच पाणी गादीच्या पोटाखालीही धरतं.

सकाळचा क्रम आमच्याकडे असा आहे. उठल्या उठल्या घडी घालायची नाही. दुलई बाजूला काढायची, गादीचं पायाकडचं टोक धरून ती डोक्याकडे दुमडायची, म्हणजे खालची बाजू वर येते. मग पाठ आणि कंबर जिथे होती तिथे तळहात ठेवून बघ. हिवाळ्यात बाकी कापड थंड लागतं आणि तेवढा भाग उबट, किंचित चिकट लागतो. ती वाफ जाऊ द्यायची. खिडकी उघडी ठेवून चहा, डबे, मुलीची वेणी होईपर्यंत तशीच राहू दे, अर्धा-पाऊण तास पुरतो. मग तीन घड्या. २१० सेंटिमीटरची गादी तीन घड्यांत ७० ची होते आणि ओशिइरेत बरोबर बसते, कपाटाची खोली त्याच हिशेबाने ठेवलेली असते. गादी वरच्या कप्प्यात ठेव, खालच्या कप्प्यात ओल जास्त. खाली सुनोको घाल, म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी, हिनोकीची किंवा किरीच्या हलक्या लाकडाची मिळते. आणि सरकतं दार चार बोटं उघडं ठेव, दोन्ही टोकांना.

आता निवड. नवऱ्याच्या कंबरेसाठी मी मध्ये कडक गाभा आणि वरखाली लोकर-पॉलिएस्टरचा थर असलेली गादी सुचवीन. ती शुद्ध कापसाच्या गादीपेक्षा हलकी असते. दुकानात बसून किंवा हाताने दाबून बघू नका, आडवे व्हा. पाठीवर आणि कुशीवर. कुशीवर वळल्यावर खांदा किंवा कंबरेचं हाड खाली टेकल्यासारखं वाटलं तर ती पातळ आहे. तातामीवर पाच-सहा सेंटिमीटरची दाट गादी चालते, कारण तातामी स्वतःच थोडी दबते. फ्लोअरिंगवर दहा धर. तीन पट्ट्यांत दुमडणारी फोमची घेतलीत तर लेबलवर न्यूटनमध्ये कडकपणा लिहिलेला असतो: ११० च्या वर कडक, ७५ ते ११० मध्यम, त्याखाली मऊ. कंबर धरणाऱ्याने मऊच्या वाटेला जाऊ नये.

डबल घेऊ नकोस. दोन सिंगल जोडून घाल. डबल गादी वाळवणं आणि कपाटात कोंबणं हा रोजचा त्रास होतो, आणि मग ती जमिनीवरच राहते.

एक सांगायचं राहिलं. इथेही उत्तरेकडे डोकं करून झोपत नाहीत, मृताला तसं ठेवतात म्हणून. सासूबाईंना हे ऐकून बरं वाटेल.

पांढरंसोनं_यवतमाळ

हेमाताईंशी बाकी सगळं जुळतं, फक्त कापसाची बाजू मांडतो. मी नागोयात नोकरीला होतो आणि घर आमचं कापसाचं.

जपानमधल्या चांगल्या कापसाच्या शिकिबुतोनमध्ये बऱ्याचदा भारताचा कापूस असतो. कपड्याच्या सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो, गादीला नेमका उलटा. देशी कापूस आखूड, जाड आणि खरखरीत, त्यामुळे दाबला तरी पुन्हा वर येतो. तिकडे दुकानदार 'आसाम' म्हणून सांगतात, कारण गारो टेकड्यांच्या (पूर्वी आसामात, आता मेघालयात) बाजूचा आखूड कापूस त्यासाठी नावाजलेला. आपल्याकडे शेतात आता जवळपास सगळीकडे बीटी, आणि अशा देशी वाणाला भाव मिळत नाही. जपानी माणूस त्याच गुणासाठी जास्त पैसे मोजतो हे पाहून मला फार बरं वाटलं आणि वाईटही.

कापूस घाम पितो आणि उन्हात सोडून देतो. उन्हातून काढलेली कापसाची गादी फुगते, तशी पॉलिएस्टरची फुगत नाही. वजन मात्र सिंगलला सहा किलोच्या आसपास. पाण्यात घालता येत नाही, आतला कापूस गोळा होतो. तीन ते पाच वर्षांत ती बसते, तेव्हा टाकून देऊ नका. गादीच्या जुन्या दुकानात 'उचिनाओशी' करून देतात. खोळ उसवतात, कापूस पिंजतात, थोडा नवा घालतात, नव्या कापडात भरून टाके घालून परत देतात. आपला पिंजारी दारात बसून करायचा तेच काम, तिकडे यंत्रावर होतं.

आयची प्रांतात निशिओ गावाजवळ तेन्जिकु नावाचं देवस्थान आहे, मुद्दाम जाऊन आलो. इ.स. ७९९ मध्ये त्या किनाऱ्याला होडीतून एक तरुण लागला, त्याच्याकडे कापसाचं बी होतं आणि पुढे भाषा आल्यावर त्याने आपण तेन्जिकुचे, म्हणजे भारताचे, असं सांगितलं. ही नोंद 'निहोन कोकी' या राजदरबारी इतिहासात आहे. ते बी पुढच्या वर्षी ठिकठिकाणी पेरलं, पण टिकलं नाही. जपानात कापूस पसरला तो पंधराव्या-सोळाव्या शतकात. त्याआधी साधी माणसं गवत-पेंढ्यावर झोपत.

तुम्हाला वजन झेपणार असेल आणि बाल्कनी दक्षिणेकडे असेल तर कापूसच घ्या.

विदुला_फिजिओ

सासूबाईंबद्दल लिहिते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर झोपणं सहसा जड जात नाही. जड जातं ते उठणं, आणि तेही रात्री दोनदा बाथरूमला जाताना, अंधारात, थंडीत. टोकियोत त्या नेमक्या हिवाळ्यात असतील. त्यांच्यासाठी ३५-४० सेंटिमीटर उंचीचा सुनोको पलंग घ्या आणि त्यावर हीच शिकिबुतोन घाला. पट्ट्यांमधून हवा खेळते, त्यामुळे रोज उचलायची गरज उरत नाही, मधूनमधून उभी करून वाळवली की झालं. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकतंय ना, एवढं पाहा.

पलंग शक्यतो फ्लोअरिंगच्या खोलीत ठेवा. तातामीवर ठेवायचा झाला तर पायांखाली फळ्या द्या. नाहीतर खळगे पडतात.

मुक्ता_नाशिक

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. सकाळी गादी तो उचलणार असं ठरलंय, आणि सासूबाईंना पलंग.

हेमाताई, अजून एक. आम्ही पोचतोय तो पावसाळाच. ऊनच नसेल तर वाळवायची कशी? मुलीला शिंका येतात, धुळीचं आहे असं इथले डॉक्टर म्हणतात.

हेमा_एदोगावा

जून-जुलैत त्सुयु असतो, टोकियोत साधारण दीड महिना. मुंबईसारखा कोसळत नाही, पण हवा कोंदट आणि सगळं दमट. त्या काळात फुतोन वाळवायचं यंत्र लागतंच. छोट्या व्हॅक्यूम क्लीनरएवढं असतं, त्याची नळी गादी आणि दुलईच्या मध्ये ठेवायची, गरम हवा सोडते. ते नको असेल तर गादीखाली ओल शोषणारी चादर मिळते, आत सिलिका जेल असतं. कोपऱ्यातल्या खुणेचा रंग बदलला की ती वाळवायची. पण ती घातली म्हणून गादी पडून ठेवता येत नाही, हे ध्यानात ठेव. एअर कंडिशनरचा 'ड्राय' मोड पण वापर, जपानी रिमोटवर तो शोधून ठेव.

मुलीच्या शिंकांसाठी नुसतं ऊन पुरणार नाही. धुळीतले किडे उन्हाच्या बाजूने सावलीच्या बाजूला सरकतात आणि जगतात. त्यांना पन्नास अंशांच्या वरची उष्णता वीस-तीस मिनिटं लागते. कॉइन लाँड्रीतल्या मोठ्या ड्रायरमध्ये ती मिळते. तिची गादी धुता येईल अशी पॉलिएस्टरचीच घे, लेबल बघून. ड्रायरमधून काढल्यावर दोन्ही बाजू सावकाश व्हॅक्यूम कर, कारण शिंका येतात त्या मेलेल्या किड्यांच्या भुकटीने आणि विष्ठेनेही. तातामीसुद्धा विणीच्या रेषेने व्हॅक्यूम करायची, आडवी नाही, गवत फुटतं.

ऊन असेल तेव्हा दहा ते दोन-तीनच्या मध्ये बाहेर घाल, मध्ये एकदा उलट आणि तीननंतर आत घे, नाहीतर संध्याकाळची ओल पुन्हा बसते. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर सकाळची हवा दमट असते, त्या दिवशी सोड. बांबूच्या थापीने गादी बडवणाऱ्या आज्या दिसतील, पण बडवल्याने आतला धागा तुटतो आणि धूळ वर येते. हाताने झटकलं की पुरे. फेब्रुवारी ते एप्रिल सुगी झाडाचे परागकण उडतात, त्या दिवसांत मुलीचं अंथरूण बाहेर अजिबात नको, यंत्रच वापर.

आणि किल्ली घेताना ऑफिसात विचारून घे की बाल्कनीच्या कठड्यावर अंथरूण टाकायला परवानगी आहे का. काही इमारतींत नसते. नसेल तर आतल्या बाजूला उभा करायचा घडीचा स्टँड मिळतो, तो घ्या. कठड्यावर टाकणार असाल तर मोठे चिमटे दोन्ही बाजूंना लावायचे, वारा नसला तरी. वरच्या मजल्यावरून सुटलेली गादी खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू शकते.