लिफ्ट बंद, गोळी चालू

जोशी बी-४०२: सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी आप्पा दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर चक्कर येऊन बसले. लिफ्ट बंद पडून आज अकरावा दिवस. कमिटी वाचत असेल अशी आशा.

सेक्रेटरी: अरेरे वहिनी. कसे आहेत आता? पार्ट आज-उद्या येतोय.

जोशी बी-४०२: बरे आहेत. तुमचं आज-उद्या गुरुवारपासून चालू आहे.

बापट ए-५०४: लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, कोटेशन एप्रिलच्या मीटिंगमध्ये कोणी हाणून पाडलं? एवढंच विचारतो.

देशपांडे काका बी-१०१: ⏩ छातीत दुखलं की लगेच सॉर्बिट्रेट जिभेखाली!! प्रत्येकाने खिशात ठेवा. एक जीव वाचेल. पुढे पाठवा 🙏🙏

डॉक्टर ए-२०३: काका, हा मेसेज दिवाळीतही टाकला होतात. वहिनी, आप्पांनी गोळी घेतली होती का?

जोशी बी-४०२: तेच सांगत होते. पहिल्या मजल्यावर छाती भरून आली. सॉर्बिट्रेट ५ जिभेखाली ठेवली आणि तसेच वर चढायला लागले. मिनिटभरात फरक नाही म्हणून दुसरी.

डॉक्टर ए-२०३: मग चक्कर येणारच. या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. आधी बूड टेकायचं, मग गोळी. ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन, जिना नाही. आणि चढल्यावर दुखतं हे माहीतच आहे तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा, चढायच्या साधारण १५ मिनिटं आधी खालीच बसून घेता येते. दुखणं सुरूच होऊ नये म्हणून.

शिंदे बी-३०३: खाली बसायचं कुठे पण? बाकावर पाटलांची स्कूटर टेकवलेली असते 😄

पाटील ए-१०२: माझ्या स्कूटरचा इथे काय संबंध? थकलेला मेंटेनन्स भरा आधी.

बापट ए-५०४: एएमसीचं कोटेशन कोणी हाणून पाडलं? उत्तर आलेलं नाही.

नेने सर ए-३०१: गंमत म्हणजे डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन याच जातीचं औषध. १८९६ साली खुद्द आल्फ्रेड नोबेलना हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी तेच लिहून दिलं होतं.

शिंदे बी-३०३: सर, लिफ्टलाच लावू थोडं.

कदम ए-४०१: डॉक्टर, आईला याच जातीची रोजची गोळी, मोनोनायट्रेट, सकाळी ८ आणि दुपारी ३ ला आहे. दुपारी घरी कोणी नसतं, म्हणून मी दुसरी रात्री ९ ला देते. चालतं ना?

डॉक्टर ए-२०३: नका देऊ. रात्रीची सुट्टी मुद्दाम ठेवलेली असते. दिवसरात्र औषध अंगात राहिलं तर शरीराला सवय होते आणि ते लागू पडेनासं होतं. दुपारी जमत नसेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून वेळ बदलून घ्या. स्वतःहून बंदही करू नका.

कदम ए-४०१: बाप रे. थँक्यू 🙏

देशपांडे काका बी-१०१: म्हणूनच मी एक स्ट्रिप वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. स्वखर्चाने. कोणालाही लागली तर. शिवाय एक माझ्या खिशात असतेच.

डॉक्टर ए-२०३: काका, केबिनमधली आजच्या आज काढा. ज्याला लिहून दिली त्यानेच घ्यायची. काही प्रकारच्या अटॅकमध्ये या गोळीने बीपी एकदम कोसळतं. आणि कोणी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) २४ तासांत किंवा त्याच जातीचं टॅडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल तर जिवावर बेतेल.

शिंदे बी-३०३: म्हणजे वॉचमनने आधी विचारायचं, साहेब, परवा रात्री काय घेतलं होतंत? 🤣🤣

जोशी बी-४०२: इथे बायका-मुलं आहेत, शिंदे. आणि माझा विषय लिफ्टचा होता.

पाटील ए-१०२: 🤐

डॉक्टर ए-२०३: हसण्यावारी नेऊ नका. टॅडालाफिल प्रोस्टेटसाठीही रोज देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हृदयाच्या डॉक्टरांना मात्र सांगायलाच हवं.

बापट ए-५०४: एएमसी???

सेक्रेटरी: बापटसाहेब, रविवारी मीटिंगमध्ये बोलू. वहिनी, आप्पांसाठी खाली खुर्ची ठेवतोय, प्रत्येक मजल्यावरही एकेक.

देशपांडे काका बी-१०१: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

देशपांडे काका बी-१०१: डॉक्टर, घरी आहात का? रात्रीच्या एका गोळीचं नाव दाखवायचं होतं. येऊ का वर?

डॉक्टर ए-२०३: तुम्ही बसा काका. मीच येतो. खिशातली स्ट्रिप टेबलावर काढून ठेवा.